निळी पिशवी, बंद तुटलेला

लाल छत्री उलटी उघडते. कोंबडं घेऊन आलेले. कोंबडं घेऊन आलेले पण वेगळे. खोकला. कालचेच. पुन्हा कालचेच. हे ते नव्हेत.

मोखाड्याच्या ऑफिसात रुजू झाले त्याच आठवड्यात साहेबांनी मला सर्व्हरवरून एका दाव्याचा कागद काढायला सांगितला. संगणकावर 'स्कॅन' नावाचा फोल्डर उघडला, तर समोर ही असली यादी. मला वाटलं, कुणाचं तरी खासगी काहीतरी आपण चुकून उघडलं. घाईघाईनं बंद केलं. पुन्हा उघडलं, तर तेच. खाली खाली जात राहिले तरी फाइली संपेनात आणि एकीच्याही नावात ना दाव्याचा नंबर, ना गाव, ना साल. शेजारच्या टेबलावर आमचे हेडक्लार्क बसायचे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, म्हणून मीही म्हटलं, "भाऊसाहेब, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नावं आहेत."

"कुणाची?"

"कागदांची. तुम्हाला कुणाचा हवाय?"

मी दाव्याचा नंबर वाचून दाखवला.

"नंबर नका सांगू. माणूस कसा होता?"

"मी कुठे पाहिलाय माणूस? मी सोमवारी आले इथे!"

"मग अवघड आहे," ते म्हणाले आणि डबा घेऊन जेवायला गेले.

आमचं ऑफिस कोणतं, ते विचारू नका. सरकारी होतं, बैठं होतं, पुढे पडवी आणि मागे एक कोंदट खोली होती. वनपट्ट्यांचे दावे, दाखले, अर्ज, सगळ्या गावांचे कागद तिथे येत. पडवीत झेरॉक्स, प्रिंट आणि स्कॅन करणारं एक मोठं मशीन होतं आणि मागच्या खोलीत सर्व्हर होता, म्हणजे निळा दिवा लागलेला एक काळा डबा. मशीनवर कागद ठेवायचा, हिरवं बटण दाबायचं, की त्याचं चित्र त्या डब्यात जाऊन पडतं आणि माझ्या संगणकावर दिसतं. काम एवढंच. फाइलीला मशीन आपोआप एक लांबलचक नंबर देई. भाऊसाहेब माझ्या टेबलाशी येऊन एका बोटानं तो नंबर पुसत आणि त्या जागी स्वतःच्या मनचं नाव टाकत. 'मोठ्या मिशीचे, हसत नाहीत' एवढं लिहायला त्यांना चहा गार होईपर्यंत वेळ लागे.

मी नाशिककडची. दोन पदव्या, टायपिंगची परीक्षा, पहिली नोकरी. शिस्तीची मला हौस नाही, व्यसन आहे. पहिल्या महिन्यात मी या माणसावर इतकी चिडले होते की खोलीवर आल्यावरही एकटीच त्यांच्याशी भांडत बसायची.

चिडायला कारणंही रोज नवी मिळत. कागद स्कॅन करायचा तर करा ना, पण नाही. भाऊसाहेब आधी चपला काढत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्यांचं बघून पाड्यांवरून आलेली माणसंही चपला काढत. पावसाळ्यात पडवीभर चिखलाच्या चपलांचा ढीग. मग मशीनवरचं काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या पातळाचं फडकं घडी करून बाजूला ठेवत. मग कागद उलटासुलटा बघून काचेवर ठेवत आणि ज्याचा कागद त्याला म्हणत, "दाबा."

माणूस घाबरायचा. "मी दाबू?"

"कागद कुणाचा? तुमचा. मग पाठवायचा कुणी?"

मग एकदाचं बटण दाबलं जाई. मशीनमधून उजेड सरकत जाई. आणि लगेच भाऊसाहेब पडवीतून आत ओरडत, "मॅडम, पोचलं का?"

लेक सासरी निघाली की बाप जसा फोनपाशी बसतो, तसा आवाज असायचा. मी पडद्यावर फाइल आलेली बघून ओरडायची, "पोचलं!" तोवर ते त्या माणसाला हलू देत नसत. वीज गेली, मशीन अडलं, सर्व्हर झोपला, तर माणसं तासन् तास पडवीत बसून राहत आणि मी आत रिकाम्या पडद्याकडे बघत. शेवटी एकदाचं दिसलं की मी ओरडे, बाहेर सगळ्यांचे श्वास सुटत, चपला घातल्या जात. दिवसभरात मी इतक्या वेळा 'पोचलं' म्हणे, की घरमालकीणबाईंनी "जेवलीस का?" विचारलं तरी तोंडून तेच निघे.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, "नंबर राहू द्यायला काय होतं तुमचं?"

"एका पाड्यात तीन सोमा असतात, मॅडम. तिघांच्या बापाचं नाव बुध्या. आडनाव सबंध पाड्याचं एक. मग?"

"म्हणूनच नंबर असतो ना!"

"बरं, असतो. चारशे बारा बटा सात. आता सांगा, कसा दिसतो?"

मी परत माझ्या पडद्याकडे वळले. मला ते उत्तर आवडलं म्हणून नव्हे. चारशे बारा बटा सात कसा दिसतो, हा प्रश्न ऑफिसात कुणी कुणाला विचारावा, याचंच मला आश्चर्य वाटलं. त्या दिवशी मी घरी जाताना एसटीत खिडकीशी बसून उगाच त्या नंबराचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला बघत होते.

आता यात गंमत अशी, की या माणसाला चेहरेच राहत नसत. नावं तर त्याहून नाहीत. जव्हारहून मोखाड्याला आम्ही एकाच गाडीनं जायचो आणि त्यांनी मला स्टँडवर कितीदा ओळखलं नाही. समोर उभं राहून नमस्कार केला तरी ते भलत्याच बाईला करावा तसा नमस्कार करत. मग त्यांची नजर खाली माझ्या पिशवीवर जाई आणि चेहरा उजळे. "अहो मॅडम! मला वाटलं कोण!" माझी कॉलेजपासूनची निळी पिशवी होती. तिचा बंद तुटला होता आणि मी त्याला गाठ मारली होती. पुढे एकदा फोल्डर धुंडाळताना मला माझ्याच रुजू अहवालाची फाइल सापडली. नाव होतं, 'निळी पिशवी, बंद तुटलेला'.

दोन पदव्या घेऊन मी त्यांच्या लेखी एक पिशवी होते. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही, याचा मला आणखी राग आला.

त्यांच्याबद्दल माझं काय मत आहे, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कधी वाटे, या माणसाचं प्रत्येक माणसाकडे किती लक्ष आहे. कोण खोकतो, कुणाची छत्री उलटी उघडते, कोण कोंबडं काखेत धरून सहीला उभा राहतो. मग लगेच वाटे, कसलं लक्ष! हा विसराळू माणूस स्वतःच्या सोयीसाठी सगळ्यांना घोळात घालतोय. 'कालचेच' असं नाव देणाऱ्याला परवा 'काल' म्हणजे कधी, हे कळणार आहे का? विचारलं तर म्हणत, "तेव्हा काल म्हणजे आदलाच दिवस होता."

वरच्या ऑफिसाकडून पत्र आलं, की सर्व फाइलींना ठरवून दिल्याप्रमाणे नंबरच द्यावेत, अन्यथा गंभीर दखल घेण्यात येईल. भाऊसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं, चपला काढल्या, ते काचेवर ठेवलं, स्वतः बटण दाबलं आणि आत येऊन एका बोटानं त्याला नाव दिलं, 'रागावलेले साहेब'. मग नव्या कागदांना नंबर देऊ लागले. म्हणजे द्यायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या फाइलींची नावं मात्र बदलायची कुणी, आणि उघडून बघायला वेळ कुणाला? त्या तशाच राहिल्या. मधे सर्व्हर बदलला. जुन्या डब्यातलं सगळं नव्या डब्यात ओतलं, तेव्हा सगळ्या जुन्या फाइलींना एकच तारीख पडली. आता त्या तारखेनंही शोधता येईनात.

ते निवृत्त झाले. निरोप समारंभात नारळ, शाल आणि भाषणं झाली. साहेबांनी त्यांच्या सेवेचा गौरव केला आणि ते साहेबांना भलत्याच नावानं हाक मारून आभार मानून गेले. दुसऱ्या दिवशी मशीनवरचं फडकं मी काढून टाकलं. धूळ बसायला लागली तेव्हा परत टाकलं.

जमनी आली ती त्यानंतरच्या नागली, म्हणजे नाचणी, कापायच्या दिवसांत. सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावरची बाई, चाळिशीची, उन्हानं रापलेली. टेबलाशी येऊन उभी राहिली आणि जुनी ओळख असल्यासारखी म्हणाली, "मॅडम, माझा कागद दे."

तिकडची माणसं साहेबालाही अरे-तुरे करतात. त्यात अनादर नसतो, त्यांच्या बोलीत अहो-जाहोच नाही. मी विचारलं, "कुठला कागद?"

हकिकत अशी होती. तिच्या सासऱ्यानं डोंगराच्या उतारावर जो फॉरेस्ट प्लॉट आयुष्यभर कसला, त्यावर ती आता नागली आणि वरई पिकवत होती. तिचा नवरा गेलेला. प्लॉटचा दावा नामंजूर झाला, कारण जुन्या वहिवाटीचा पुरावा नाही. तिनं अपील केलं. पुरावा होता, पण जुन्या सरकारी कागदाचा नव्हता, माणसाच्या तोंडचा होता. पाड्यावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं, धाकल्याबाबानं, जबाब लिहवून अंगठा दिला होता, की हिच्या सासऱ्याला त्या उतारावर पेरणी करताना मी माझ्या तरण्यापणापासून पाहिलंय. मूळ जबाब फाइलीसोबत वर गेला आणि वरून फाइल परत आली तेव्हा त्यात नव्हता. धाकल्याबाबा गेल्या वर्षी वारला. उद्या जव्हारला सुनावणी होती आणि ही शेवटची तारीख, असं तिला बजावून सांगितलं होतं.

"तो कागद इथे स्कॅन केला होता?"

"केला ना. बाहेर त्या मशीनवर. मीच दाबला बटण." आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तूच बोललीस आतून. पोचला म्हणून."

मीच म्हटलं असणार. दिवसातून शंभरदा म्हणायची. पोचलंही असणार. त्या फोल्डरात कुठेतरी तो जबाब नक्की होता आणि तो कोणत्या नावानं होता, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं.

मी खुर्ची पुढे ओढली. "जमनीबाई, त्या दिवशी तुम्ही काय नेसला होतात?"

ती बघतच राहिली. "काय?"

"लुगडं कोणत्या रंगाचं? छत्री होती? हातात काय होतं?"

"कागद होता."

"कागदाशिवाय?"

"टोपली."

"टोपलीत काय?"

"करटोली."

करटोली म्हणजे पावसाळ्यातली रानभाजी. 'करटोली' टाइप केलं. 'करटोली घेऊन आलेल्या', 'करटोली पण विकायला नाहीत', 'करटोली संपली'. एकेक उघडली. एकात रेशनचा अर्ज, एकात जन्माचा दाखला, एकात कोरा कागद. आमच्या सर्व्हरची फाइल उघडायची रीत अशी, की मधल्या वेळात दोन अर्जदारांचं काम होऊन जाई. पडवीत बसलेल्या माणसांना काय चाललंय ते कळलं आणि सगळेच मदतीला धावले. एक म्हातारा म्हणाला, "अगं, करटोलीचे दिवसांत तू रेशनला आलतीस. मी होतो ना संगट. जबाबाला तू उन्हाल्यात आलीस." जमनी म्हणाली, उन्हाळा नव्हता. म्हातारा म्हणाला, होता. मग तिलाच कळेना, कोणता दिवस कोणता. लुगडं हिरवं होतं की तांबडं? कडेवर लेक होती की तेव्हा ती शाळेत जायची? मी 'हिरवं' शोधलं, 'लेक कडेवर' शोधलं, 'टोपली' शोधलं. टोपल्या तर इतक्या निघाल्या की सगळा तालुका टोपली घेऊनच ऑफिसात आला होता की काय.

दुपारनंतर जमनी भिंतीला टेकून बसली आणि स्वतःच्या लुगड्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मीच मना सापडत नाय."

ऐकून मला रडू आलं. रागही आला, त्या माणसाचा. ऑफिस सुटल्यावर मी म्हटलं, "चला, जव्हारला जाऊ. ज्यानं नाव ठेवलंय त्यालाच विचारू."

भाऊसाहेबांचं घर बाजारामागे होतं. ते बाहेरच ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी समोर उभी राहिले, नमस्कार केला. त्यांनी परक्या बाईला करावा तसा नमस्कार केला. मग खाली बघितलं. पिशवी. गाठ. "अहो मॅडम! अजून शिवला नाहीत बंद? सरकार पगार देतं की नाही?"

काकू पाणी घेऊन बाहेर आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हल्ली फारच विसरतात. परवा आपलंच घर सोडून पुढे गेले. डॉक्टर म्हणतात, वयानं होतं. पण खरं सांगू, आधी तरी कुठे राहत होतं? लग्न झालं तेव्हा मला हिरव्या बांगड्यांवरून ओळखायचे. एकदा मी हौसेनं लाल भरल्या, तर शेजारीण समजून 'या वहिनी, बसा' म्हणाले." त्या हसल्या. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. "तेव्हापासून दुसऱ्या रंगाच्या भरल्याच नाहीत."

मी भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी जमनीकडे निरखून पाहिलं. टोपली नाही, छत्री नाही, रिकामे हात. मान हलवली. "नाही आठवत."

"भाऊसाहेब, आठवा. हिचा प्लॉट जाईल."

"आठवतच नाही हो मॅडम." त्यांचा आवाज इतका कोरा होता की मला भीती वाटली. ते शेंगा सोलत राहिले. जमनी उठायला लागली. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कागद कुणाचा?"

"हिचा. म्हणजे हिच्या प्लॉटचा."

"प्लॉट हिचा. कागद कुणाचा? जबाब कुणी दिला?"

"धाकल्याबाबानं," जमनी म्हणाली.

"आला होता तो?"

"आला ना. त्याला डोल्यांनी दिसत नव्हता. मी हाताला धरून आणला. बोट त्याचा, दाबला मी."

"मग मी दिलेल्या नावात ही कशाला असेल?" भाऊसाहेब माझ्यावरच खेकसले. "दिवसभर हिला काय शोधत बसलात?"

मी कपाळावर हात मारला. "जमनीबाई, बाबाबद्दल सांगा. तो काय करत होता?"

आणि जमनीला एकदम सगळा दिवस आठवला. बटण दाबल्यावर उजेड सरकला, तो बाबाला जरासा जाणवला. मी आतून 'पोचलं' म्हटलं. भाऊसाहेबांनी काचेवरचा कागद उचलून बाबाच्या हातात परत दिला. बाबानं तो चाचपला. जमनी त्याची नक्कल करून सांगत होती, "हा तं अठंच हाय. मंग गेला काय? कठं गेला?" भाऊसाहेब म्हणाले, सर्व्हरमध्ये. "तो कठं हाय?" तेव्हा भाऊसाहेबांनी त्याला हात धरून मागच्या खोलीत नेलं आणि त्याचा तळवा त्या काळ्या डब्यावर ठेवला. "बाबा बोलला, गरम हाय. जिवंत हाय वाटता. पण कागद यात कठं?"

"मग भाऊसाहेब काय म्हणाले?"

"कायच नाय बोलला. दोघं पण हात ठेवून उभे."

भाऊसाहेब हे सगळं दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसे ऐकत होते. "बरा होता की म्हातारा," ते म्हणाले.

जमनी रात्री माझ्याच खोलीवर राहिली. सकाळी तिला जव्हारच्या स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे बसवून मी पहिल्या गाडीनं मोखाडा गाठलं. ऑफिस उघडून घेतलं, चपला दाराशीच निघाल्या, संगणक लावला. 'बाबा' शोधलं, ढीगभर निघाले. 'गरम' नाही. 'जिवंत' नाही. मग 'कुठे' लिहिलं आणि पडद्यावर एकच ओळ आली.

'कुठे गेला विचारतात मलाही माहीत नाही'

उघडली. वर ग्रामसभेचा शिक्का, खाली धाकल्याबाबाचा अंगठा. त्याच्या तोंडचे शब्द लिहिणाऱ्यानं जसेच्या तसे उतरवले होते, की मी त्यांच्या गुरांमागं होतो, तो उतार त्यांनीच फोडला, पहिली नागली मी खाल्ली. मी एकटीच हसले आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले. हा माणूस एवढी वर्षं आम्हा सगळ्यांना 'पोचलं का' विचारत होता आणि कुठे पोचतं हे त्यालाही माहीत नव्हतं.

साहेबांच्या सहीचं पत्र जोडून मी तो जबाब जव्हारच्या ऑफिसाला मेलनं पाठवला आणि जमनीच्या प्रतीसाठी झेरॉक्सवाल्याच्या मोबाइलवर. रेंज येत-जात होती. मी पडवीत येऊन फोन उंच धरून उभी राहिले, मग लावला. जमनीनंच उचलला.

"पोचलं का?" मी ओरडले.

पलीकडे मशीनचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, "पोचला."

त्या एका शब्दासाठी पडवीत माणसं तासन् तास का बसून राहायची, ते मला तेव्हा कळलं.

सुनावणी झाली. तिथल्या साहेबांनी बाबाचा जबाब सगळ्यांसमोर वाचला, असं तिनं दुपारी फोन करून सांगितलं. काही आठवड्यांनी निकाल आला, दावा मंजूर. जमनी नागलीची पिशवी घेऊन ऑफिसात आली, एक वाटा माझा आणि एक भाऊसाहेबांचा. ती स्वतः काही जव्हारला आली नाही, खळ्यावर काम पडलं होतं. म्हणाली, "तू दे त्याला. सांग, प्लॉट राहिला."

शनिवारी मी नागली घेऊन गेले. भाऊसाहेब ओट्यावरच होते. मी समोर जाऊन नमस्कार केला. त्यांनी केला. मी हसत उभी राहिले, त्यांची नजर खाली जायची वाट बघत. गेली. पिशवीवर थांबली. तिथून परत वर आली, माझ्या चेहऱ्यावर फिरली, आणि त्यांना काही सापडेना.

"कोण हवंय आपल्याला?" त्यांनी विचारलं.

माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी ते मला बोलले होते, म्हणून मी आठवड्याच्या बाजारात पिशवीचा बंद शिवून घेतला होता. चांगला पक्का, दुहेरी टीप मारून.

"भाऊसाहेब, मी. ऑफिसातली."

"हो का? या, बसा." आवाजात अगत्य होतं, ओळख नव्हती. काकूंनी दारातून माझ्याकडे बघितलं आणि बांगड्या मागे सारून नागलीची पिशवी घेतली.

मी बसले. जमनीचं सगळं सांगितलं. ते माना डोलावत ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, "पोचलं, भाऊसाहेब."

ते विचारात पडले. मग अगदी मनापासून विचारलं, "कुठे?"

चहा घेतला, पाया पडले, निघाले. खोलीवर आल्या आल्या ब्लेड शोधलं, पिशवीच्या बंदाची टीप उसवली आणि पूर्वी होती तशी गाठ मारली.